जुन्या पुलाला नवी बाजू

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंधेरीतल्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू वाहतुकीला खुली झाली आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिच्याशी जुळत नसल्याचे सगळ्यांनी पाहिले. पूर्वी हे दोन्ही पूल एकमेकांना जोडलेले होते. जुहूच्या बाजूने आलेली गाडी बर्फीवाला पुलावरून थेट गोखले पुलावर जायची. आता नव्या पुलाचा रस्ता वर, जुन्याचा खाली आणि मध्ये सुमारे दीड मीटरची उभी पायरी. त्या पायरीची छायाचित्रे देशभर फिरली, टवाळीही भरपूर झाली.

ही पायरी का पडली, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. गोखले पूल १९७५चा. ३ जुलै २०१८ रोजी त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रेल्वेरुळांवर कोसळला आणि दोन जणांचा जीव गेला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये उरलेला पूलही असुरक्षित म्हणून बंद करावा लागला. नवा पूल बांधायला घेतला तोवर रुळांवरच्या पुलांखाली किती मोकळी उंची हवी, याचे रेल्वेचे निकष वाढलेले होते. शिवाय रुळांच्या मध्ये खांब नकोत म्हणून गर्डर लांब, सुमारे ९० मीटरचे. त्यामुळे नव्या पुलाचा रस्ता वर जाणे अटळ होते. बर्फीवाला पूल मात्र आपल्या जुन्या उंचीवर उभा होता. नव्या आराखड्यात जुन्या शेजाऱ्याचा विचार जितक्या लवकर व्हायला हवा होता तितका झाला नाही, आणि त्याची किंमत अंधेरीकरांनी आणखी चार महिने मोजली.

उपाय निघाला तो असा, की बर्फीवाला पूलच वर उचलायचा. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन जोडाजवळच्या भागाखाली हायड्रॉलिक जॅक लावले गेले. पूल एका बाजूने १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलला गेला, कारण नव्या उताराशी जुळायचे तर दोन्ही बाजूंना सारखे उचलून चालणार नव्हते. अशा कामात सगळे जॅक एका तालात चालावे लागतात. एखादा जॅक काही मिलिमीटरनेही पुढे गेला तर स्लॅबला पीळ बसतो आणि तडा जातो. म्हणून थोडे उचलायचे, खाली पोलादी आधार सरकवायचे, सगळीकडची मापे पुन्हा तपासायची आणि मगच पुढचा टप्पा घ्यायचा. उंची गाठल्यावर, पूल ज्यांवर टेकतो त्या बेअरिंगखालचे काँक्रीटचे चौथरे नव्याने बांधायचे. ४ जुलै २०२४ रोजी दोन्ही पूल पुन्हा जोडले गेले.

रस्ता रुंद करणे, चौकातले पूल बदलणे, नव्या रस्त्याला जुना जोडणे या सगळ्या कामांची खरी अडचण अंधेरीत उघड झाली. मोकळ्या रानात नवा पूल बांधताना अभियंत्याच्या हातात सगळे असते: जागा, उंची, खांबांमधले अंतर, कामाचा क्रम. रुंदीकरणात यातले बरेचसे तीस-चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. त्यात खालून वा शेजारून वाहतूक चालूच ठेवायची असते. वर्तमानपत्रात बातमी येते ती किती मार्गिका वाढल्या याची. अभियंत्याची झोप उडते ती जुने आणि नवे जिथे भेटते त्या अर्ध्या-एक मीटरच्या पट्टीने.

जुन्या घराला नवी खोली जोडली, की दोन-तीन पावसाळ्यांत जोडभिंतीवर उभी चीर दिसू लागते. हे बहुतेक घरांनी अनुभवलेले आहे. पुलाच्या बाबतीत तीच गोष्ट घडते, फक्त चिरेवरून दिवसाला हजारो चाके जातात.

काँक्रीट घट्ट झाले म्हणजे त्याचे सगळे झाले, असे नसते. त्यातले जादा पाणी वर्षानुवर्षे सुकत राहते आणि काँक्रीट आकसत राहते. तीस मीटर लांबीचा स्लॅब मोकळा ठेवला तर काही वर्षांत पाच ते दहा मिलिमीटरने आखूड होऊ शकतो. त्याच्या जोडीला दुसरी हालचाल असते: सतत दाबाखाली असलेले काँक्रीट हळूहळू दबत जाते. जुन्या पुलाचे हे आकसणे आणि दबणे केव्हाच आटोपलेले असते. नव्याचे नुकते सुरू होणार असते. दोघांना पहिल्याच दिवशी घट्ट जोडून टाकले तर नवा स्लॅब आकसू पाहतो, जुना त्याला हलू देत नाही आणि नव्या काँक्रीटला रस्त्याच्या आडव्या दिशेने एकापाठोपाठ एक चिरा पडतात. त्या चिरांतून पावसाचे पाणी सळयांपर्यंत पोचते. कोकणाच्या दमट, खाऱ्या हवेत पुढचे सांगायला नको.

उभ्या दिशेची गोष्ट आणखी नाजूक. आजकालचे बहुतेक गर्डर पूर्वताणित असतात. त्यांच्या तळाशी पोलादी तारा ताणून बसवलेल्या असतात, त्यामुळे कारखान्यातून निघतानाच गर्डर मध्यभागी किंचित वर उचललेला असतो. वर स्लॅब पडला, की तो खाली बसतो. किती बसेल याचे गणित असते, पण काँक्रीटचे वय, हवेतली आर्द्रता, गर्डर आवारात किती दिवस पडून होता, अशा गोष्टींनी ते थोडेफार चुकतेच. नवा गर्डर जुन्याच्या शेजारी ठेवला आणि त्यावरचा स्लॅब लगेच जुन्या स्लॅबला जोडला तर नव्याचे खाली बसणे जुन्यावर ओझे म्हणून येते.

म्हणून मध्ये पट्टी सोडतात. नवे गर्डर बसवायचे, त्यांच्यावरचा स्लॅब टाकायचा, पण जुन्या स्लॅबच्या कडेपर्यंत आणायचा नाही. मध्ये साधारण मीटरभर वा त्याहून अरुंद मोकळी जागा ठेवायची. काही आठवडे जाऊ द्यायचे. नवा भाग आपल्या वजनाने बसतो, सुरुवातीचे आकसणे होऊन जाते, आणि मग ती पट्टी काँक्रीटने भरायची. साइटवर याला सरळ ‘स्टिच’ म्हणतात. त्यासाठी जुन्या स्लॅबची कड ब्रेकरने किंवा पाण्याच्या जोरदार झोताने फोडून आतल्या सळया उघड्या करतात. नव्या सळया त्यांच्यावर चढवून बांधतात. जुन्या सळया पुरेशा लांब नसतील तर स्लॅबमध्ये छिद्रे पाडून, रसायन भरून नव्या सळया रोवतात. पाण्याचा झोत महाग पडतो, पण तो सळईला धक्का लावत नाही आणि उरलेल्या काँक्रीटमध्ये बारीक चिरा पाडत नाही. जिथे परवडेल तिथे तोच वापरावा.

पट्टी भरतानाची अडचण वेगळीच. जुन्या पुलावर वाहतूक चालू असते. ट्रक गेला, की जुना स्लॅब काही मिलिमीटर खाली-वर होतो, नवा होत नाही. ओल्या काँक्रीटमधल्या सळया त्यासरशी हलतात आणि त्यांच्याभोवती पोकळी राहण्याचा धोका असतो. काँक्रीटने सळईला धरलेच नाही तर जोड फक्त कागदावर राहतो. त्यामुळे हे काम रात्री करतात, लगतची मार्गिका बंद ठेवतात, उरलेल्या गाड्यांचा वेग उतरवतात आणि लवकर घट्ट होणारे काँक्रीट वापरतात. रात्री दोन वाजता बॅरिकेडपाशी खोळंबलेल्या ट्रकचालकाला हे ठाऊक नसते. त्याला ते फलकावर लिहून सांगितले तर हॉर्न थोडे कमी वाजतील.

जोडायचेच नाही, असाही पर्याय असतो. दोन पूल शेजारी-शेजारी, मध्ये लांबलचक फट. संरचनेच्या दृष्टीने हा सुटसुटीत मार्ग आहे. ज्याचे हलणे त्याच्यापाशी. पण ती फट रस्त्याच्या मधोमध, गाड्या जिथून मार्गिका बदलतात तिथे आली तर दुचाकीचे चाक तिच्यात किंवा तिच्यावरच्या पोलादी पट्टीवर घसरू शकते. पावसात तर नक्कीच. आपल्याकडच्या रस्त्यांवर दुचाकींची संख्या पाहता दुभाजकाखेरीज इतर कुठेही अशी लांब फट ठेवू नये.

खूप रुंदी वाढवायची असेल आणि जागा असेल तेव्हा संपूर्ण स्वतंत्र पूल बांधणे शहाणपणाचे ठरते. वाशीची खाडी याचे चांगले उदाहरण. तिथला पहिला रस्त्याचा पूल १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पोलादी तारा गंजल्या आणि अवजड वाहतुकीला तो पुरेनासा झाला. दुसरा पूल १९९७चा. तोही कमी पडू लागला तेव्हा त्याला चिकटवून मार्गिका न वाढवता त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मार्गिकांचे स्वतंत्र पूल घेतले गेले. त्यातला पहिला ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला.

स्वतंत्र पूल बांधूनही जुन्याची जबाबदारी संपत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर दोन पूल शेजारी-शेजारी होते: एक नवा, एक ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा, १९२८चा. नवा आल्यावर जुना निवृत्त झाला नाही. एका दिशेची वाहतूक त्याच्यावरच राहिली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात तो वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने गेली. त्याच्या जागी १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. इतक्या वेगाने पूल बांधता येतो, हे त्या कामाने दाखवले. दुपदरीचा चौपदरी करताना जुना पूल ‘आहे तसाच’ एका दिशेला देऊन टाकण्याची पद्धत किती तपासून वापरायला हवी, हे त्याआधी पुराच्या रात्रीने दाखवले होते. नदीतल्या पुलाची अखेर पुष्कळदा पायाशी होते. पूर खांबांभोवतीची माती खरवडून नेतो, आणि वरून रस्ता मात्र ठणठणीत दिसतो.

पायांचा विचार दख्खनच्या पठारावर तुलनेने सोपा असतो. बहुतेक ठिकाणी थोडे खोल गेले, की काळा पाषाण लागतो, आणि त्यावर टेकलेला नवा पाया फारसा खचत नाही. खाडीच्या चिखलात तसे नाही. जुना पाया पन्नास वर्षे खचून स्थिर झालेला असतो, नवा पाया भार आल्यावर खचू लागतो, आणि वरचा जोड या दोघांच्या ओढाताणीत सापडतो. शिवाय नव्या पायासाठी खड्डा काढताना जुन्याच्या खालची माती सैल होऊ शकते. म्हणून जुन्या खांबालगत स्फोट करत नाहीत, उघडा खड्डाही खणत नाहीत. छिद्रे पाडून पाइल उतरवतात आणि रोज जुन्या खांबाची पातळी मोजतात.

भरावाच्या रस्त्यालाही हेच लागू आहे. जुन्या उतारावर नुसता नवा मुरूम ओतला तर तो पहिल्या मोठ्या पावसात त्या उतारावरून सरकतो. म्हणून जुन्या उतारात पायऱ्या काढतात आणि नवा भराव थराथराने त्या पायऱ्यांत गुंतवून दाबतात. महामार्गावर रस्त्याच्या लांबीने जाणारी, कडेपासून तीन-चार मीटर आतली सरळ चीर दिसली तर बहुतेकदा तिथे जुना रस्ता संपून वाढीव रस्ता सुरू झालेला असतो.

आता जुन्या पुलाच्या ताकदीचा प्रश्न. पूल बांधला गेला त्या काळच्या नियमांनी बांधला गेला. भारतात काँक्रीटच्या पुलांचे गणित कसे मांडायचे याची संहिता इंडियन रोड्स काँग्रेसने २०११ मध्ये मुळापासून बदलली. २०१४ मध्ये ३८५ टनांच्या खास वाहनाचा भारही नियमांत आला. विजेचे अजस्र ट्रान्सफॉर्मर किंवा कारखान्यांची यंत्रे वाहणारी अनेक चाकांची वाहने त्यामागे आहेत. भूकंपाचे म्हणाल तर ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला धक्का बसेपर्यंत दख्खनचे पठार जवळपास भूकंपमुक्त समजले जात होते. त्यानंतर नकाशे बदलले. त्याआधीचा पूल सातारा किंवा चिपळूणच्या परिसरात उभा असेल आणि त्याला नवी बाजू जोडायची असेल, तर नव्या बाजूचे गणित नव्या नियमांनी होणारच. पण भूकंप आला तर दोन्ही भाग एकत्र हलणार आहेत, तेव्हा जुन्या भागाचे गणितही पुन्हा मांडावे लागते.

ते न मांडल्याने काय होते हे अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराने पाहिले. मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पोलादी पूल १९६७ मध्ये सुरू झाला. १९७७ मध्ये त्यावर काँक्रीटचा जादा थर चढला. १९९८ मध्ये दुभाजक आणि कठडे बदलून अधिक भक्कम, म्हणजेच अधिक जड केले गेले. दोन्ही सुधारणा चांगल्या हेतूने झाल्या. १ ऑगस्ट २००७च्या संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, पुलावर पुन्हा दुरुस्तीचे काम चालू होते. खडी, वाळू आणि यंत्रे असे अडीचशे टनांहून अधिक सामान एका भागात रचून ठेवलेले होते. पूल कोसळला, १३ माणसे गेली, १४५ जखमी झाली. चौकशीत दोष सापडला तो पोलादी तुळया जिथे एकत्र येतात तिथल्या जोडपत्र्यांमध्ये. मूळ आराखड्यातच ते अर्धा इंच जाडीचे धरले गेले होते. हवे होते सुमारे एक इंच. चाळीस वर्षे तो पूल आपल्या राखीव ताकदीवर उभा होता आणि प्रत्येक सुधारणेने ती राखीव ताकद थोडी-थोडी खाल्ली. तुळयांची गणिते तपासली गेली होती. जोडपत्रे तुळयांपेक्षा मजबूतच असणार, असे गृहीत धरले गेले.

या घटनेनंतर जोडपत्रे तपासण्याच्या अमेरिकेतल्या पद्धती बदलल्या. रुंदीकरणाच्या कामाला त्यातून मिळणारा धडा ठोस आहे: मार्गिका वाढवली, कठडा बदलला, डांबराचा आणखी एक थर दिला, जलवाहिनी लटकवली, यातले काहीही झाले तरी ओझे कुठल्या मार्गाने पायापर्यंत जाते याचा पूर्ण प्रवास पुन्हा तपासायचा. मधला एकही सांधा वगळायचा नाही.

जुन्या पुलाला बाजू जोडण्याचे जगातले सर्वांत धाडसी उदाहरण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बंदरावर आहे. तिथला पूल मे १९५९ मध्ये सुरू झाला. खर्च वाचवण्यासाठी मूळ आराखड्यातले पदपथ आणि जादा मार्गिका गाळून चारच मार्गिका ठेवल्या होत्या. पुलाने पलीकडच्या किनाऱ्यावरची वस्ती इतकी वाढवली, की काही वर्षांतच तो अपुरा पडला. खाली जहाजांची ये-जा, वर अखंड वाहतूक. पूल बंद करणे शक्य नव्हते. तेव्हा जपानमधल्या कारखान्यात पोलादी पोकळ गर्डर बनवले गेले, समुद्रमार्गे आणले गेले आणि मूळ पुलाच्या दोन्ही बाजूंना, मूळ खांबांचाच विस्तार करून, प्रत्येकी दोन मार्गिका म्हणून बसवले गेले. १९६९ मध्ये चारच्या आठ मार्गिका झाल्या. लोक त्यांना ‘निप्पॉन क्लिप-ऑन’ म्हणू लागले.

पोलादी पत्र्याचा तो रस्ता वजनाने हलका होता, म्हणून जुन्या पुलाला पेलला. पण हलके पोलाद प्रत्येक ट्रकबरोबर लवते, आणि लाखो वेळा लवले, की वेल्डिंगपाशी बारीक तडे जातात. १९८७ मध्ये ते सापडले. पुढे ट्रक आणखी जड झाले तेव्हा २००७ मध्ये बाहेरच्या मार्गिकांवर अवजड वाहनांना मनाई करावी लागली. त्यानंतर पोकळ गर्डरांच्या आत शिरून सुमारे ९०० टन पोलाद जोडून ते मजबूत केले गेले. १९५०च्या दशकात वाचवलेला पैसा पुढच्या पिढीने असा भरला. तरीही आठ मार्गिकांचा तो पूल आजही शहराची मुख्य धमनी आहे, आणि रुंदीकरण म्हणून ते काम यशस्वीच म्हणायला हवे.

चौकांचा विचार केला तर अडचण आडवी नसते, उभी असते. महामार्ग रुंद करायचा, पण त्याच्यावरून जाणाऱ्या जुन्या पुलाचे खांब नव्या मार्गिकांच्या वाटेत येतात. पुण्याच्या चांदणी चौकात नेमके हेच झाले. मुंबई-बेंगळुरू महामार्ग, पौड-मुळशीचा रस्ता, बावधन, पाषाण, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) या सगळ्या बाजूंची वाहतूक तिथे एकत्र येते. महामार्गावरच्या जुन्या पुलाखाली जितकी रुंदी होती तितक्यातच ती कोंबली जात असे. पुलाचे पाय तोडून चालणार नव्हते. पूलच जायला हवा होता.

२ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे, एकच्या सुमारास, सुमारे ६०० किलो स्फोटकांनी तो पाडला गेला. तेराशेच्या आसपास छिद्रांत ही स्फोटके भरली होती. काँक्रीट फुटले, पण पूल पूर्ण कोसळला नाही. त्यात अपेक्षेपेक्षा जास्त सळया निघाल्या आणि त्यांनी तुकडे धरून ठेवले. उरलेले काम पोकलेनने करावे लागले. सकाळी महामार्ग पुन्हा सुरू झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या रॅम्पांसह चौक खुला झाला.

सळया जास्त निघणे ही सुदैवाची गोष्ट, कारण कमी निघण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण त्यातून आपल्याकडची एक जुनी उणीव दिसते: बांधताना प्रत्यक्ष काय घातले गेले याचे नकाशे कामाच्या वेळी हाताशी नसतात. मग सळया शोधणारे यंत्र फिरवावे लागते, काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून त्याची प्रत जोखावी लागते, नळीसारखे नमुने कापून प्रयोगशाळेत चिरडावे लागतात. या तपासणीचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. तरी निविदेत पहिली कात्री बहुधा तिलाच लागते, आणि हे बदलायला हवे.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ आय-४०५ महामार्गाला मार्गिका जोडताना मुलहॉलंड मार्गाचा पूल पाडायचा होता. तिथे वेगळी रीत निवडली गेली. जुलै २०११ मध्ये पुलाचा अर्धाच भाग पाडला. उरलेल्या अर्ध्यावर वाहतूक चालू ठेवून नवा अर्धा बांधला. सप्टेंबर २०१२च्या अखेरीस दुसरा अर्धा पाडला. पहिल्या वेळी ५३ तासांची महामार्गबंदी जाहीर झाली होती. काम सुमारे १७ तास आधीच आटोपले. अर्धा पूल एकटा उभा राहू शकेल का, कापलेल्या कडेचे गर्डर बाजूच्या आधाराशिवाय स्थिर राहतील का, याचे गणित आधी करावे लागते. पण त्या काळात महामार्गाच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून तुटत नाहीत.

चौकातल्या वळणदार रॅम्पांचे गणित तर आणखी अवघड. सरळ पुलावर ओझे खाली दाबते. वळणावरच्या पुलावर ते दाबतेही आणि पिळतेही. वळणाच्या बाहेरच्या बेअरिंगवर भार वाढतो आणि आतल्यावर इतका कमी होऊ शकतो, की पूल तिथून उचलला जाईल. त्यासाठी रॅम्पांना पेटीसारखे बंद गर्डर वापरतात, कारण बंद पेटी पिळाला चांगला विरोध करते. खाली जागा नसते, म्हणून अनेकदा एकाच खांबावर रॅम्प तोलला जातो. मग बेअरिंग एकमेकांपासून जितकी दूर ठेवता येतील तितकी ठेवणे अत्यावश्यक असते. चीनमधल्या वुशी शहरात १० ऑक्टोबर २०१९ रोजी एकेरी खांबांवरचा उड्डाणपूल आडवा कलंडला. पोलादाचे जड रोल वाहणारे अतिभारित ट्रक एका कडेने चालले होते. पूल मोडला नाही, उलटला, आणि खालच्या मोटारींतली तीन माणसे गेली. अतिभारित ट्रक आपल्याकडेही धावतात. त्यामुळे रॅम्पाची कड आणि बेअरिंगची जागा हे निर्णय केवळ खर्चावर सोडता येत नाहीत.

काही वेळा रुंदीकरणाचे सर्वांत चांगले उत्तर दुसरीकडेच असते. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्ड इथे २००९ मध्ये एका चौकातल्या दोन्ही दिशांची वाहतूक पुलापुरती एकमेकींच्या बाजूला नेली गेली. वळणाऱ्या गाड्यांना समोरच्या प्रवाहासाठी थांबण्याची गरज उरली नाही, आणि तोच जुना पूल पुरला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात तर रुंदीकरण जवळपास अशक्यच. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत द्रुतगती मार्गाच्या सहा मार्गिकांत जुन्या महामार्गाच्या चार मार्गिकांची वाहतूक येऊन मिसळते. दहांची गर्दी सहांत, तीही चढावर, दरडींच्या खाली. १८३०च्या सुमाराचा मानला जाणारा अमृतांजन पूल त्याच्या खांबांमुळे तिथे अडसर होता. एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना तो पाडला गेला. पण त्यापुढे कडा फोडून मार्गिका वाढवायच्या तर वरची दरड सैल होणार आणि काम चालू असताना वाहतूक थांबवावी लागणार. म्हणून खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा नवाच मार्ग आखला गेला. त्यातला मोठा बोगदा जवळपास नऊ किलोमीटरचा, लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा, आणि दरी ओलांडायला १८० मीटरच्या आसपास उंचीच्या मनोऱ्यांवर केबलने तोललेला पूल. अंतर वाचते ते सुमारे सहा किलोमीटर. संरचनेच्या दृष्टीने त्याहून मोलाचा लाभ असा, की पर्यायी वाट मिळाल्यावर घाटातल्या जुन्या पुलांची बेअरिंग बदलायला, दरडींना जाळ्या आणि बोल्ट ठोकायला एकेक मार्गिका आठवडाभर बंद ठेवता येईल. सुट्टीच्या दिवशी काही तासांचा ब्लॉक घेतला तरी जिथे किलोमीटरभर रांगा लागतात, तिथे हे काम आजवर रात्रीच्या तुकड्यांत उरकावे लागत आले आहे.